शिलाबंध

यशवंत पुकळ्याच्या विहिरीचं पाणी फसफसतं, हे पिंगळवाडीत सगळ्यांत आधी शाळेच्या पोरांना कळलं. मधल्या सुट्टीत ती बादलीभर पाणी शेंदायची, त्यात लिंबू पिळायची आणि जिभेवर चुरचुरणारं ते पाणी पिऊन ढेकरा देत वर्गात परतायची. आठवड्याभरात मोठी माणसंही चव घेऊन गेली. यशवंत मूळचा गमत्या माणूस. त्यानं विहिरीच्या काठाला पाटीच लावली, ‘पुकळे सोडा. फुकट.’ माण तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या माळावर हसायला कारणं थोडीच असतात. गाव पोटभर हसलं.

यशवंताची थोरली भावजय मालन मात्र त्या दिवशी फितीचं टोक हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

मालन विहिरी मोजायची. दहावीपर्यंत शिकलेली ही धनगराची सून एकोणीस वर्षं भूजल खात्यासाठी तेच काम करत होती. पाच गावांतल्या एकतीस विहिरी, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. चाकाला गुंडाळलेली लांब फीत विहिरीत सोडायची. टोकाची पितळी काडी पाण्याला टेकली की चाकावरची शिट्टी वाजायची. तेवढा आकडा लिहायचा आणि पुढची विहीर गाठायची. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला असताना तापानं गेला, त्या वर्षीही तिचा एक महिना चुकला नव्हता.

आज पातळी नेहमीचीच होती. पण काडीवर दुधाच्या सायीसारखा पांढरा थर धरला होता. तिनं नखानं खरवडला. निघाला नाही.

“भावजी, हे कवापासनं?” तिनं विचारलं.

“काय की. झऱ्यांच्या तोंडालाबी आलंय तसलंच. चुन्यानं सारवल्यागत दिसतंय,” यशवंत म्हणाला. “तुमी लई डोकं लावता वहिनी. सोडा प्या.”

ती प्यायली नाही. घरी येऊन तिनं तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पाण्यात बुडबुडे. काडीवर पांढरा थर.’ तो रकाना आजवर कुणी वाचल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

या वेळी वाचला गेला. तिसऱ्या दिवशी डॉ. शर्वरी केळुसकर स्वतः गाडी चालवत वस्तीवर आली.

*

शर्वरी शिलाबंध प्रकल्पाची रसायनतज्ज्ञ. वेंगुर्ल्याकडची, तिशी ओलांडलेली, बोलायला मोकळी. सहा वर्षांपूर्वी प्रकल्प पिंगळवाडीत आला, तेव्हा बिरोबाच्या देवळापुढच्या सभेत तिनंच गावाला सगळं समजावून सांगितलं होतं.

“तुमच्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा,” ती म्हणाली होती. “त्यात कॅल्शियम आहे, लोखंड आहे. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरवला की आंबूस सोडा तयार होतो. तो सोडा खोल दगडात दाबला की दगडातलं कॅल्शियम सुटतं, आणि दोघं मिळून नवा पांढरा दगड होतो. धुराचाच दगड. तो परत कधी हवेत येत नाही. आम्ही तो सातशे मीटर खाली नेऊन बसवणार. तुमच्या विहिरी जेमतेम वीस मीटरच्या. मध्ये लाल चिकणमातीचे थर आहेत, डब्याच्या झाकणासारखे.”

धूर यायचा होता राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून. चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला, देशातला सर्वांत मोठा हिरवा पोलाद कारखाना उभा राहत होता. तिकडचा खडक वेगळा, पार जुना; तो धूर पचवत नाही. पचवणारा काळा दगड अर्ध्या महाराष्ट्रात पसरलेला आहे, पण पाहणीत माणचा थर सर्वांत सोयीचा आणि माणसं सर्वांत विरळ निघाली. थंड करून पातळ केलेला धूर रेल्वेच्या टाक्यांतून येणार होता.

“एक टन धूर जिरवायला किती पानी लागतंय?” यशवंतानं सभेत विचारलं होतं. तो तेव्हा सरपंच होता.

“पंचवीस टन.”

“आन् ते कुठनं आणणार? आमच्या डोळ्यातनं?”

सभा हसली होती. मग शर्वरीनं सांगितलं, की पश्चिमेकडच्या धरणातून प्रकल्पासाठी मोठी जलवाहिनी येणार आहे आणि तिच्यातलं तिसरा हिस्सा पाणी वाटेवरच्या गावांना मिळणार आहे. चाळीस वर्षं त्या गावांनी कालव्याचे नारळ फुटताना पाहिले होते, कालवा पाहिला नव्हता. यशवंतानं घरोघर फिरून माणसं राजी केली. दीड वर्षात खरोखरच नळाला पाणी आलं. मेंढरांमागं फिरणारी दहा-बारा पोरं पोलाद कारखान्यात लागली. मालनचा एकुलता एक मुलगा बिरदेवही त्यांत होता.

कारखान्याचं पोलाद परदेशी विकायचं तर दर टनामागं धूर दगडात बसल्याचा दाखला लागे. तिकडच्या खरेदीदारांची एक अट होती. वरच्या पाण्याला धक्का लागत नाही हे गावातल्याच एका त्रयस्थ माणसानं दर महिन्याला मोजून कळवायचं, थेट, मध्ये कुणाचा हात न लागता. एकतीसपैकी सहाहून जास्त विहिरी दोन मीटरनं खाली गेल्या, तर पंप बंद. ते कळवायचं काम मालनकडे आलं. आकडे हातातल्या छोट्या यंत्रात भरायचे आणि बटण दाबायचं. प्रकल्पाला त्याची नक्कल मिळे, पण बदलता येत नसे.

*

शर्वरी विहिरीच्या पायऱ्या उतरून झऱ्यापाशी गेली. पोरांनी टाकलेली लिंबाची एक फोड पायरीवर पडली होती. तिनं ती उचलून पांढऱ्या थरावर पिळली. थर फसफसला, बुडबुडे धरून वाहू लागला. ती तशीच पाहत राहिली.

“काय झालं बाई?”

“हा आमचाच दगड आहे, मालनताई. जो सातशे मीटर खाली व्हायला हवा, तो इथं होतोय.”

वर आल्यावर ती बांधावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते मालनला नीट कळलं, कारण शर्वरी कधी अवघड शब्दांत बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी जगात भांडणं वाढली. चुंबकाचे धातू, यंत्रांचे सुटे भाग, बॅटऱ्यांचा माल, एकेक देश एकेक गोष्ट अडवून धरू लागला. आपलं पोलाद, आपली जहाजं, आपल्या पवनचक्क्या आपणच करायच्या असं ठरलं. कारखाना तिप्पट झाला, तसा धूरही तिप्पट झाला. तो वेळेत दगड व्हावा म्हणून पाण्यात विरजणासारखं काम करणारं एक नवं एंझाइम मिसळायला सुरुवात झाली. जिथं दोन वर्षं लागत, तिथं आठ आठवडे पुरू लागले.

“माझाच शोध आहे त्यात,” शर्वरी म्हणाली. “तिप्पट दाबानं कुठंतरी जुनी भेग उघडली असणार. ते पाणी एंझाइमसकट वर सरकतंय.”

“मग काय हुईल?”

“तुमचा दगड सगळा भरीव नाही. त्यात बारीक भोकं आहेत, फटी आहेत. पाणी राहतं ते तिथंच, दुसरीकडे कुठं नाही. आणि हा पांढरा दगडही नेमका तिथंच धरतो.”

मालननं विहिरीकडे पाहिलं. “म्हंजी पानी आटणार न्हाई. पान्याची जागाच बुजणार.”

शर्वरीनं नमुन्याला बाटलीभर पाणी घेतलं. तिनं वर कळवलं. वरून उत्तर आलं, आणखी माहिती गोळा करा.

माहिती गोळा होत राहिली. पौषात यशवंताची विहीर तीन मीटरनं उतरली. माघात आणखी दोन. तिच्या जोडीनं म्हसोबाच्या मळ्यातली, शाळेमागची, माळवदकरांची अशा चार विहिरी उतरल्या, मग सहा झाल्या. नळाला पाणी होतं म्हणून गावाचं लक्ष नव्हतं. यशवंताचं होतं. ती विहीर त्याच्या आजानं सुरुंगाशिवाय, पहार आणि घणानं खोदली होती.

“झऱ्याचं तोंड फोडतो,” तो म्हणाला. “दोन बोटं जाडीचा तर थर हाय.”

“शर्वरीबाईला विचारू द्या,” मालन म्हणाली.

“आता माझ्या विहिरीत उतरायला मला शास्त्रज्ञाची चिठ्ठी पायजे व्हय वहिनी?”

फाल्गुनातल्या एका दुपारी मालन म्हसोबाच्या मळ्यात फीत गुंडाळत होती, तेव्हा वस्तीकडून जावेची, सखूची किंकाळी आली. मालन धावत पोचली तो सखू पायऱ्या उतरायच्या बेतात होती. मालननं तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि विहिरीत डोकावली. गुडघाभर पाण्यात यशवंत पालथा पडला होता. छिन्नी झऱ्याच्या तोंडातच रुतलेली होती.

“तीन घाव घातलं,” सखू रडत सांगत होती. “तीनच. मग आवाजच बंद झाला. सोड आक्का, मला जाऊ दे.”

मालननं सोडलं नाही. तिनं शेजाऱ्याला ओरडून कडब्याची पेंढी मागितली, दोरीला बांधून पेटवली आणि आत सोडली. पेंढी निम्म्यापर्यंत भडभडा जळत गेली. पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर ज्वाळ चिमटीत धरल्यासारखी विझली. तिथून खाली श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. पाण्यातून सुटलेला जड वायू तळाशी साचला होता. प्रकल्पाची माणसं पंखे आणि नळकांडी घेऊन आली, तेव्हा कुठं यशवंताला बाहेर काढता आलं.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘पाय घसरून पाण्यात पडल्यानं मृत्यू.’

*

पुढची मोजणी यशवंताच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी आली. मालननं एकतीस विहिरी मोजल्या. अकरा उतरल्या होत्या. तिनं त्या अकरा पुन्हा मोजल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. आकडा हलला नाही.

शर्वरी भेटायला आली. ती खंगल्यासारखी दिसत होती.

“माझ्या प्रयोगशाळेतलं काहीच मला बाहेर देता येत नाही,” ती म्हणाली. “मी सही करून बसलेय. तुमचा तक्ता मात्र कुणी अडवू शकत नाही. तो थेट जातो.” मग ती म्हणाली, “पण एक सांगायलाच हवं. पंप बंद झाले तर जलवाहिनीही बंद होईल. ती प्रकल्पाची आहे, गावाची नाही. नळ कोरडा पडेल.”

“आन् बंद न्हाई झालं तर?”

“तर सगळ्या एकतीस बुजतील. मग पलीकडच्या तालुक्यातल्या. तिकडं पुढचा टप्पा आहे.”

दुपारी मोठ्या गाडीतून गणबावले साहेब आले. प्रकल्पाचे मुख्य अधिकारी. त्यांनी आधी सखूचं सांत्वन केलं, मग मालनच्या ओसरीवर घोंगडीवर मांडी घालून बसले. चहा घेतला. आवाज चढवला नाही.

“मालनबाई, मी तुम्हाला खोटं लिहा असं सांगायला आलो नाही. पण हा तक्ता कुठं जातो, ठाऊक आहे ना? सातासमुद्रापार. घरातली गोष्ट आपण परक्याच्या दारात नेऊन ठेवतोय. त्यांना निमित्तच हवंय. उद्या आपलं पोलाद अडवतील, परवा जहाजं. गेल्या वर्षी त्यांनी यंत्रांचे भाग अडवले, तेव्हा दवाखाने बंद पडायची वेळ आली होती. देशानं पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी हे सगळं चाललंय.”

मालननं ऐकून घेतलं. तिला तो माणूस लबाड वाटला नाही. तेच तिला जास्त जड गेलं.

“साहेब, देशानं कुणाच्या दारात उभं ऱ्हाऊ नये, खरं हाय,” ती म्हणाली. “पर मग आमी कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं? घागर घिऊन?”

“नळ आहे ना तुम्हाला.”

“तुमचा नळ हाय त्यो. विहीर आमची व्हती.”

ते उठले. जाताना एवढंच म्हणाले, “पुन्हा एकदा मोजून बघा.”

संध्याकाळ व्हायच्या आत बिरदेवचा फोन आला. त्याला कुणीतरी करायला लावला असावा. पण बोलत होता ते त्याचं स्वतःचंच होतं.

“आई, काका गेला त्याचं मला कसं वाटतंय ते मलाच ठाऊक. त्याच विहिरीत त्यानं मला पवायला शिकवलं. पण इथं चार हजार माणसं कामाला हायत. माझ्या पाळीत भामरागडकडची पोरं हायत. त्यांच्या घरात पगार आणणारी पहिली पिढी. त्यांची जंगलं, त्यांचे डोंगर आधीच खणून नेले लोकांनी, कुणी काय दिलं न्हवतं त्यांना. आता कुठं काम आलंय. दाखला थांबला तर पहिली आमची पाळी बंद हुईल.”

“मग काय लिवू, सांग.”

पलीकडं भट्टीची घरघर ऐकू येत होती. “तू काय लिवायचं ते मी कसा सांगू?” बिरदेव म्हणाला. “मी फकस्त तिकडं काय हुईल ते सांगितलं.”

मालननं ती रात्र काढली आणि सकाळी जनावरांचं आवरून जावेकडं गेली. सखू चुलीपुढं बसली होती. कपाळ रिकामं होतं. मालनला वाटत होतं, ही तरी म्हणेल, लिही; माझ्या माणसाला ज्यानं नेलं ते जगाला कळू दे.

सखू म्हणाली, “आक्का, मागचाच आकडा लिव.”

“सखू...”

“गेला त्यो गेला. आता माझ्यापाशी दोन म्हशी हायत आन् अंगणातला नळ हाय. नळ गेला तर म्हशी जातील, म्हशी गेल्या तर मी काय करू? तुझं पोरगं तिकडं हाय, तुला न्हील. मला कोण न्हील?”

मालन तिच्याजवळ बसली. सखूनं तिचा हात धरला, घट्ट, जसा त्या दिवशी विहिरीवर मालननं तिचा धरला होता.  मग मालननं हात सोडवून घेतला, घरी आली, अकरा विहिरींचे अकरा खरे आकडे भरले, शेऱ्याच्या रकान्यात यशवंत पुकळ्याचा मृत्यू कशानं झाला ते दोन ओळींत लिहिलं आणि बटण दाबलं.

*

आठव्या दिवशी पंप थांबले. साडेचार वर्षं रात्रंदिवस येणारी जमिनीखालची घुमघुम बंद झाली, तेव्हा कुत्रीसुद्धा बावरून इकडंतिकडं पाहू लागली. नवव्या दिवशी नळ थांबला.

गावानं मालनला मारलं नाही, शिव्याही फारशा दिल्या नाहीत. गिरणीत तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी ठेवलं जाऊ लागलं. बाया तिला पाहून पदर नीट करत आणि दुसरीकडं वळत. टँकर यायचा, दोन दिवसांआड, आणि रांगेत तिच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. थोडं अंतर सोडून पुढची रांग सुरू व्हायची.

तिकडं बिरदेवची पाळी बंद झाली. चाळीस दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी बातमी आली. परक्या खरेदीदारांच्या अटी देशानं झुगारून दिल्या होत्या. आपल्या पोलादावर आपलाच शिक्का. आपल्या जहाजांना, आपल्या पवनचक्क्यांना तो पुरे. नव्या नियमात धुराचं मोजमाप उपग्रह करणार होता. निरीक्षण विहिरींचा उल्लेख नव्हता. बिरदेवला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी कायम म्हणून.

मालनला एका ओळीचं पत्र आलं, की आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. मोजायची फीत जमा करून घ्यायला माणूस आला, पावती देऊन गेला.

पिंगळवाडीतले पंप मात्र पुन्हा सुरू झाले नाहीत. शर्वरीनं कारण सांगितलं. बदलीवर जाण्याआधी ती एक दगडी कांडी घेऊन आली. शाळेमागच्या विहिरीशेजारी नव्यानं छेद घेऊन काढलेली, हातभर लांब. काळ्या दगडात सगळीकडे पांढरे ठिपके होते, भाकरीला पीठ लागावं तसे.

“या दगडात शंभरातले बारा भाग पोकळ असायचे,” ती म्हणाली. “आता एकही नाही. पंप थांबले तरी आत शिरलेलं पाणी दगड करतच राहिलं. इथला खडक भरला, मालनताई. त्यांना इथं आणखी काही जिरवता येणार नाही, म्हणून ते पुढं चाललेत.”

“पाऊस पडल्यावर?”

“पडेल तो वाहून जाईल. आत शिरायला वाट नाही.”

“किती वर्सं?”

शर्वरीनं मान हलवली. “हा दगड झिजायला जितकी लागतील तितकी. आपल्या मोजण्यातली नाहीत.” मग ती एकदम म्हणाली, “मी एंझाइम केलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.” तिला रडू आलं. मालननं तिला पाणी दिलं, टँकरचं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. ओढे दोन दिवस फुगले आणि तिसऱ्या दिवशी कोरडे झाले. विहिरींच्या कडा ओल्या झाल्या, पण झरा एकही फुटला नाही. दिवाळीपर्यंत पिंगळवाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. सखूनं म्हशी विकल्या आणि कराडकडं भावाकडं जायला निघाली. सहा-सात महिन्यांत ती मालनशी बोलली नव्हती. एस.टी.त चढता चढता थांबली.

“आक्का, तू खरं लिवलंस,” ती म्हणाली. “पर खऱ्यानं घागर भरत न्हाई.”

*

बिरदेव न्यायला आला होता. कारखान्याच्या वसाहतीत त्याला दोन खोल्या होत्या, चोवीस तास पाणी होतं. मालन म्हणाली, येते, पण एक काम आहे.

पुढच्या टप्प्याची पहिली सभा आटपाडीच्या बाजूला, शेरेवाडी नावाच्या गावात होती. मालन सकाळच्या एस.टी.नं गेली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. नवा तज्ज्ञ होता, नवे तक्ते होते. त्यानं जलवाहिनीचा नकाशा दाखवला आणि दोन महिन्यांत ती इथवर येईल असं सांगितलं, तेव्हा लोकांतून पहिल्यांदा कुजबुज उठली. सगळ्यांचं झाल्यावर सरपंचांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि मालन उठली.

तिनं आपलं नाव, गाव सांगितलं. भाषण तिला येत नव्हतं. विहीर कशी फसफसली, झरे कसे बुजले, दीर कसा गेला, तिनं काय लिहिलं आणि मग काय झालं, एवढं तिनं क्रमानं सांगितलं. “नळाला पानी येतंय, हे खरं हाय,” ती म्हणाली. “आमच्याकडं आलं व्हतं. आन् विहिरी जात्यात, हेबी खरं हाय. दोनी सांगायला मी आले.”

नव्या तज्ज्ञानं, सुधारित दाब वापरणार आहोत, असं सांगितलं.  मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मग आमी काय करावं म्हणता बाई?”

 एवढ्या लांब येईपर्यंत मालननं सगळ्याचा विचार केला होता, याचा केला नव्हता. “ते मला न्हाई सांगता येत,” ती म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. सरपंचांनी मोजले. ठरावाच्या बाजूनं दोनशे चौदा, विरुद्ध सदतीस. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं उठली, चपला शोधू लागली. मालनला कुणाचा राग आला नाही. तिला फार थकल्यासारखं झालं होतं.

फाटकाशी एक बाई तिची वाट पाहत उभी होती. चाळिशीची, हात रापलेले, पदरानं घाम पुसत. “मी इंदा सरगर,” ती म्हणाली. “मीबी ठरावाच्या बाजूनंच हात वर केला. तुमचं सगळं ऐकून केला.”

मालननं मान डोलावली.

“एक विचारायचं हुतं. तुमच्याकडं पानी आल्यापासनं विहीर जाईस्तवर किती वर्सं गेली?”

“आमच्याकडं साडेचार. पर तवा सुरवातीला दाब कमी व्हता.”

“म्हंजी आमच्याकडं?”

मालन खोटं बोलली असती तर त्या बाईला बरं वाटलं असतं. “तीन,” ती म्हणाली. “लई तर साडेतीन.”

इंदानं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“लेक नववीत हाय माझी. रोज दोन तास पान्याला जाती म्हणून दोनदा शाळा सुटली तिची,” ती म्हणाली. “तीन वर्सं मिळाली तर बारावी हुईल. मग तिला हितनं काढीन. मागं आमचं काय व्हायचं ते हुईल.”

ती वळली आणि माळ ओलांडून झपाझप घराकडं निघाली. लेकीला सांगायची घाई असावी तशी. मालन फाटकाशी उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.